दुर्बोध लेखन, परिभाषा आणि वार्धक्य : बारामती-इंदापुराकडील कांहीं दाखल्यांवरून

ऐतिहासिक संशोधनाचे नवे निबंध वाचतांना जुन्या वाचकांच्या तोंडून अलीकडे एकच उद्गार वारंवार ऐकूं येतो : भाषा मराठी खरी, पण अर्थ लागत नाहीं. त्यावर नव्या अभ्यासकांचें उत्तरही ठरलेलें असतें. शास्त्र पुढें गेलें, त्याची परिभाषा वाढली. ज्यांना ती समजत नसेल त्यांनीं ती शिकावी, अथवा वय झालें असें समजून स्वस्थ बसावें. उत्तर उद्धट वाटलें तरी तपासल्याशिवाय तें टाकून देणें संशोधकाला शोभणार नाहीं. न समजण्याचें कारण वाचकाच्या वयांत असूं शकतें, तसेंच तें लेखकाच्या वाक्यांतही असूं शकतें. या दोहोंचा निवाडा कसा करावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. आम्ही संस्कृत शिकवून निवृत्त झालेले; साठी ओलांडली आहे; तेव्हां या खटल्यांत आम्ही एका पक्षाचे आहों हें उघड आहे. म्हणूनच निवाडा आमच्या मतावर न ठेवतां पुराव्यावर ठेवावा, आणि पुरावाही बारामती व इंदापूर या दोन जवळच्या तालुक्यांतील घ्यावा, असें योजिलें आहे.

बारामतीचें नांव निघालें कीं मोरोपंतांचें नांव निघतें, आणि मोरोपंतांचें नांव निघालें कीं दुर्बोधतेचा आरोप पाठोपाठ येतो. मोरेश्वर रामचंद्र पराडकर १७२९ मध्यें पन्हाळ्यास जन्मले, तारुण्यांत बारामतीस आले, आणि बाबूजी नाइकांच्या आश्रयानें पुराण सांगत व काव्य रचीत १७९४ मध्यें तेथेंच कालवश झाले. आर्याभारत, कृष्णविजय, मंत्रभागवत, शंभरांवर रामायणें आणि केकावलि एवढा त्यांचा पसारा आहे. त्यांची भाषा संस्कृतप्रचुर आहे, समास लांब आहेत, अन्वय दूरचा आहे. हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु या काठिण्याचेही दोन प्रकार करावे लागतात, आणि ते केल्याशिवाय पुढचा विचार नीट होणार नाहीं.

पहिला प्रकार निरोष्ठ रामायणाचा. ओष्ठ्य वर्ण मुळींच येऊं द्यावयाचा नाहीं, हा त्याचा नियम. मकार ओष्ठ्य, म्हणून त्या ग्रंथांत 'राम' हें नांवसुद्धां कवीला घेतां येत नाहीं. नायकाची ओळख निराळ्या विशेषणांनीं पटवावी लागते. कवीचें शब्दप्रभुत्व यांत पूर्णपणें दिसतें, आणि तें पाहून आश्चर्यही वाटतें. पण हें काठिण्य विषयांतून आलेलें नाहीं. तें नियमांतून आलेलें आहे. रामकथेची अशी कोणतीही गरज नव्हती कीं ती ओंठ न मिटतां सांगितली जावी.

दुसरा प्रकार केकावलीचा. केका म्हणजे मोराची हांक. मोरोपंत म्हणजे मयूर. त्याच्या हांकांची ही ओळ. ही रचना पंतांच्या उत्तरवयांतील मानली जाते, आणि तिच्यांत परमेश्वराशीं चाललेलें एका थकलेल्या भक्ताचें भांडण, आर्जव आणि शरणागति आहे. समास येथेंही आहेत, पौराणिक संदर्भ येथेंही दाटीनें आले आहेत. तथापि पदच्छेद करावा, क्रियापद हुडकावें, त्याचा कर्ता कोण व कर्म काय तें पाहावें, मग विशेषणें ज्याचीं त्याला द्यावीं, आणि शेवटीं समासाचा विग्रह करावा, या क्रमानें गेलें कीं प्रत्येक श्लोकाच्या तळाशीं कांहीं तरी हातीं लागतें. एक माणूस देवाला एक गोष्ट मागत असतो. आणि ती गोष्ट कोणती हें दहा वर्षांच्या मुलालाही नंतर सांगतां येतें. परशुरामपंत तात्या गोडबोले यांच्या १८५४ च्या 'नवनीता'मुळें पंतांची कविता शाळेच्या मुलांपर्यंत पोंचली. दादोबा पांडुरंग यांनीं १८६५ मध्यें केकावलीवर 'यशोदा पांडुरंगी' ही टीका लिहिली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं निबंधमालेंत पंतांच्या कवितेवर विस्तारानें लिहिलें. टीका लिहितां येणें हेंच या काठिण्याचें प्रमाणपत्र होय. ज्या लेखनाचा उलगडा केल्यावर अर्थ पूर्वींपेक्षां वाढतो, तें कठीण असेल, पण पोकळ नव्हे. उलगडतां उलगडतां अर्थ कमी होत जाऊन शेवटीं हातीं शून्य येत असेल, तर तें निरोष्ठ रामायणाच्या जातीचें समजावें. फरक एवढाच कीं पंतांनीं आपला नियम उघड सांगून तो खेळ मांडला होता.

आतां परिभाषेकडे वळूं. परिभाषा म्हणजे दुर्बोधता, अशी समजूत जुन्या वाचकांत पसरत आहे. ती चुकीची आहे. पतंजलींनीं महाभाष्यांत परिभाषेला घरांतील दिव्याची उपमा दिली आहे : दिवा एका जागीं असतो, पण सगळें घर उजळतो. जी परिभाषा घर अंधारें करते ती त्या नांवाला पात्र नाहीं. पाणिनींनीं तर आरंभींच आपल्या संज्ञा सांगून टाकल्या. 'वृद्ध' ही त्यांतलीच एक. ज्या शब्दांतील स्वरांपैकीं पहिला स्वर आ, ऐ किंवा औ असेल तो शब्द वृद्ध. म्हणून 'शाला' हा शब्द वृद्ध ठरतो आणि 'गुरु' हा ठरत नाहीं. निवृत्त गुरुजींना हें वाचून समाधान वाटेल, पण येथें मुद्दा निराळा आहे. व्यवहारांतला शब्द शास्त्रांत निराळ्या अर्थानें घ्यावयाचा होता, म्हणून शास्त्रकारानें तो अर्थ प्रथम सांगितला, आणि पुढें आठ अध्यायांत तो पाळला.

असाच कडक व्यवहार आपल्या दप्तरांत आढळतो. चौथाई म्हणजे आकाराचा शेंकडा २५ भाग. सरदेशमुखी म्हणजे शेंकडा १०. चौथाईची पुन्हां वांटणी होते : तिच्या शेंकडा २५ भागाला राजबाबती म्हणतात, शेंकडा ६ साहोत्रा, तो पंतसचिवांचा, शेंकडा ३ नाडगौडा, उरलेला शेंकडा ६६ ऐन मोकासा. यांतला मोकासा हा शब्द अरबीकडून आला, नाडगौडा कानडीकडून आला, चौथाई घरची. शब्दाच्या कुळावर सुबोधता अवलंबून नसते, हें यावरून दिसतें. शब्द उच्चारला कीं त्याचें माप सांगतां येत होतें, आणि मापांत खोट निघाली तर तक्रार करतां येत होती. आमच्या मतें खऱ्या परिभाषेची ही मुख्य कसोटी आहे : तिच्यामुळें लेखकाची चूक दाखवितां आली पाहिजे.

ही कसोटी केवळ पंडितांच्या कामाची नाहीं, याचा दाखला इंदापुरानें दिलेला आहे. पेशवाई बुडाल्यानंतर पुणें जिल्ह्याच्या जमीनमहसुलाची नवी व्यवस्था प्रिंगल या अंमलदारानें आंखली आणि ती १८३० च्या सुमारास लागू झाली. तिचा पाया विलायतेंतील तत्कालीन अर्थशास्त्राच्या खंडविषयक सिद्धांतावर होता. प्रत्येक जातीच्या जमिनीचें एकूण उत्पन्न धरावयाचें, त्यांतून लागवडीचा खर्च वजा करावयाचा, राहील तें 'निव्वळ उत्पन्न', आणि त्याचा शेंकडा ५५ भाग सरकारचा. कागदावर योजना अत्यंत रेखीव होती. पण 'निव्वळ उत्पन्न' ही वस्तु शेतांत कोणाला दिसत नव्हती. कुणब्याला ती तपासतां येईना. खालच्या कारकुनांनीं भरलेले आंकडे खरे कीं खोटे हें वरच्यांना कळेना. मापाच्या चुका, खोट्या नोंदी आणि उतरलेले बाजारभाव यांचा एकत्र परिणाम होऊन आकार जड झाला, आणि इंदापूर तालुक्यांत पुष्कळ जमीन पडीक पडली.

पुढें १८३५ पासून गोल्डस्मिड व विंगेट यांनीं तेथेंच नव्यानें काम सुरू केलें. १८३६ मध्यें इंदापुरास तीस वर्षांच्या मुदतीनें जी जमाबंदी झाली, ती मुंबई इलाख्याच्या पुढील पद्धतीचा आरंभ मानली जाते. त्यांनीं निव्वळ उत्पन्नाचा शोध सोडून दिला. शेत मोजावें, त्याला नंबर द्यावा, हद्दीच्या खुणा कायम कराव्या, मातीचा रंग, पोत, खोली व दोष पाहून वर्ग ठरवावा, वर्गांचें एकमेकांशीं प्रमाण आण्यांत सांगावें, आणि त्यावर दर बसवावा, अशी ती रीति होती. परिभाषा येथेंही होती, आणि ती नवी होती. परंतु आपलें शेत कोणत्या नंबराचें व कोणत्या वर्गाचें हें शेतकऱ्याला बांधावर उभें राहून पाहतां येत होतें. शेजारच्या शेताशीं ताडून चूक दाखवितां येत होती. 'सर्व्हे नंबर' हा परका शब्द त्यामुळेंच मराठी होऊन गेला. येथें आम्ही इंग्रजी अमलाची तरफदारी करीत नाहीं. त्याला महसूल हवा होता, आणि १८६७ च्या फेरआकारणीनें तो जबर वाढविलाही. सांगावयाचें इतकेंच कीं पहिली योजना तिच्या भाषेमुळें तपासापलीकडे गेली होती, आणि तपासापलीकडे गेलेल्या लेखनांत चूक निर्धास्त राहते.

याच्या पुढची पायरी सुप्यास दिसली. हें सुपें आज बारामती तालुक्यांत आहे. १८७५ च्या मे महिन्याच्या १२ तारखेला, बाजाराच्या दिवशीं, तेथें सावकारांविरुद्ध उठाव झाला आणि तो पुणें व नगर जिल्ह्यांत पसरला. कर्ज, वाढलेली आकारणी, अमेरिकेंतील यादवी संपल्यावर कोसळलेला कापसाचा भाव, हीं त्याचीं कारणें सर्वांस ठाऊक आहेत. आमच्यासारख्या कागद जमविणाऱ्यांनीं एक गोष्ट विशेष लक्षांत घ्यावी. उठावाचा रोख माणसांपेक्षां कागदांवर होता. खतें, रोखे व हुकूमनामे मागून घेऊन जाळण्यांत आले. ज्या कागदावर आपली निशाणी आहे तो कागद आपल्याला वाचतां येत नाहीं, त्यांत काय लिहिलें तें दुसरा सांगेल तेंच खरें धरावें लागतें, ही स्थिति माणूस किती दिवस सोशील? चौकशी होऊन १८७९ मध्यें दक्षिणेंतील शेतकऱ्यांसाठीं जो कायदा झाला, त्यांत असे दस्तऐवज गांवच्या नोंदणी-अंमलदारापुढें करावे, अशी तरतूद करावी लागली, ती याच कारणानें. लेखन आणि ज्याच्यासंबंधीं तें लिहिलें तो मनुष्य, यांच्यामधला दुवा तुटला म्हणजे कागदालाही धोका असतो.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. याच तालुक्यांच्या इतिहासावर आज ज्या शैलींत निबंध लिहिले जातात, तिचा नमुना म्हणून आम्हीं एक वाक्य जुळविलें आहे. तें कोणा एका लेखकाचें नाहीं. परंतु त्यांतला एकही शब्द वाचकांस अपरिचित वाटणार नाहीं. 'इंदापूर परगण्याच्या कृषि-अवकाशांतील वसाहतपूर्व सत्तासंबंधांची संरचनात्मक पुनर्मांडणी ज्ञानव्यवहाराच्या परिप्रेक्ष्यांत बहुस्तरीय विमर्शाची मागणी करते.' केकावलीच्या श्लोकाला जी रीति लावली तीच येथें लावूं. क्रियापद 'करते'. कर्ता कोण? पुनर्मांडणी. ती मागणी करते. कोणाकडे? सांगितलेलें नाहीं. पुनर्मांडणी कोणीं केली? सांगितलेलें नाहीं. सत्ता कोणाची कोणावर? सांगितलेलें नाहीं. साऱ्या वाक्यांत एकही माणूस नाहीं. देशमुख नाहीं, पाटील नाहीं, कुळकर्णी नाहीं, कुणबी नाहीं. मकार वर्ज्य केल्यामुळें रामाचें नांव जसें घेतां येईना, तसें येथें माणसाचें नांव घ्यावयाचें नाहीं असा कांहीं गुप्त नियम असावा. विग्रह करून उरतें तें इतकें : 'इंदापूर परगण्यांत इंग्रजी अमलापूर्वीं जमिनीवर कोणाचा किती हक्क होता, हें पुन्हां तपासून पाहिलें पाहिजे.' विचार चांगला आहे, योग्यही आहे. मग तो याच शब्दांत कां सांगूं नये? कारण असें कीं या दुसऱ्या वाक्यावर वाचक लगेच विचारतो : 'बरें, कोणत्या कागदांवरून?' पहिल्या वाक्यावर तसें विचारण्याचें कोणाला सुचत नाहीं.

नवी परिभाषा म्हणून तिला आमचा विरोध आहे, असा ग्रह कोणी करून घेऊं नये. 'चिकित्सित आवृत्ति' हा शब्दही एकदां नवा होता. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ मध्यें महाभारताचें काम आरंभिलें, विष्णु सीताराम सुखठणकर यांनीं १९२५ पासून १९४३ मध्यें निधन होईपर्यंत त्याची धुरा वाहिली, आणि मुख्य ग्रंथ १९६६ मध्यें पुरा झाला. हस्तलिखितांचीं कुळें, त्यांचे पाठ, कोणता पाठ कां घेतला व कोणता कां सोडला, हें त्यांत पानोपानीं दाखविलेलें आहे. काम कठीण, परिभाषा नवी. तरी प्रत्येक संज्ञेमागें टेबलावर ठेवतां येण्यासारखी एक पोथी आहे. राजवाड्यांनींही १८९८ मध्यें 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' यांचा पहिला खंड काढला तेव्हां आपल्या प्रस्तावनेंत पुष्कळ नवे विचार मांडले. ते सर्वांना पटले नाहींत. पण पटत नाहींत असें म्हणतां आलें, याचें कारण ते समजले होते. उलट, जुन्या पिढीचें पांडित्य या दोषांतून मोकळें आहे असेंही नाहीं. साध्या पोथीच्या परिचयालाही सहा ओळींचा समास जोडल्याशिवाय ज्यांचें समाधान होत नसे, असे शास्त्री पूर्वींही होते. दोष वयाचा नाहीं, आणि काळाचाही नाहीं.

मग वार्धक्याचा भाग किती? तो आहे, आणि तो प्रामाणिकपणें मांडला पाहिजे. मोडी अक्षर पूर्वींइतकें झरझर लागत नाहीं. कागद खिडकीपाशीं न्यावा लागतो. एक नांव आठवण्यास अर्धा दिवस जातो. नवा विषय डोक्यांत बसण्यास वेळ लागतो, आणि वेळच तेवढा मोजका राहिलेला असतो. म्हणूनच गुंतागुंतीचें वाक्य म्हाताऱ्या वाचकाला अधिक बोंचतें : तरुणाचे त्यांत पांच मिनिटें जातात, वृद्धाची तीं शिलकेंतून वजा होतात. याहून खोल दुखणें निराळेंच आहे. समजलें नाहीं असें म्हणावें, तर लोक वयाकडे बोट दाखवितील, या भीतीनें पुष्कळ वृद्ध वाचक मान डोलावून गप्प बसतात. सभेंत निबंध वाचला जातो, पुढल्या रांगेंतलीं पांढरीं डोकीं हलतात, आणि लेखकाला वाटतें कीं आपलें म्हणणें पोंचलें. हें मौन आम्हांस दुर्बोध लेखनापेक्षांही अधिक हानिकारक वाटतें. आपली दृष्टि मंदावली आहे कीं अक्षरच पुसट आहे, हें ठरविण्याचा उपाय आपल्या हातीं आहे. त्याच दिवशीं पंतांचा एक कठीण श्लोक आणि एखादा ताकीदपत्राचा कागद समोर घ्यावा. ते दोन्हीं उलगडत असतील, आणि निबंधाचें वाक्यच तेवढें उलगडत नसेल, तर वयाला बोल लावूं नये. तेथें 'म्हणजे काय?' हा प्रश्न मोठ्यानें विचारावा. ज्याला आतां कोणतीही परीक्षा द्यावयाची नाहीं, बढती घ्यावयाची नाहीं, त्यानें हा प्रश्न विचारावयाचा नाहीं तर कोणीं?

यांत संशोधनाचा रोकडा स्वार्थही आहे. आपल्याला मिळणारे रुमाल कोठून मिळतात? पाटील-कुळकर्ण्यांच्या, देशमुखांच्या, पुराणिक-शास्त्र्यांच्या घरांतून. आणि तेथें ते बहुधा घरांतल्या सर्वांत वृद्ध माणसाच्या ताब्यांत असतात. मुलांना मोडी येत नाहीं, नातवंडें गांवांत नाहींत. तो गृहस्थ विश्वासानें रुमाल सोडून देतो, आणि दोन वर्षांनीं त्याच्या कागदांवर लिहिलेला निबंध त्याच्या हातीं पडतो. त्यांत आपल्या पणजोबांनीं कोणत्या गांवच्या बांधावरून कोणाशीं वाद केला आणि त्याचा निवाडा काय झाला, हें त्याला कळलें, तर तो माळ्यावरची दुसरी पेटीही काढून देईल, आणि शेजारच्यालाही सांगेल. त्यांत त्याला फक्त 'सत्तासंबंध' आणि 'विमर्श' आढळले, तर तो आपल्याशींच म्हणेल कीं हें आपल्यासाठीं नाहीं. ती दुसरी पेटी पुढें रद्दींत जाईल किंवा नदींत सोडली जाईल. सुप्यास कागद संतापानें जळले. येथें ते उदासीनपणानें नाहींसे होतील, आणि त्याची कोठें नोंदही राहणार नाहीं.

म्हणून या त्रैमासिकासाठीं लिहिणाऱ्यांपुढें तीन सूचना ठेवितों. पहिली, नवी संज्ञा प्रथम येईल तेथेंच तिचा अर्थ व तिचें माप सांगावें, आणि लेखभर तोच पाळावा. दुसरी, लेख पाठविण्यापूर्वीं त्यांतील प्रत्येक लांब वाक्याचा अन्वय करावा. कर्त्याच्या जागीं माणूस, गांव किंवा कागद यांपैकीं कांहींच न सांपडल्यास तें वाक्य पुन्हां लिहावें. तिसरी, ज्याच्या घरचे कागद वापरले त्याला, अथवा तो नसल्यास त्याच गांवच्या एखाद्या जाणत्या माणसाला, लेख वाचून दाखवावा आणि तो कोठें थांबवितो तें पाहावें. आणि आमच्या वयाच्या वाचकांस एकच विनंति आहे : लेख समजला नाहीं, तर तसें पत्र संपादकांस अवश्य लिहावें, आणि कोणतें वाक्य समजलें नाहीं तें पृष्ठांक देऊन कळवावें.